डब्लिनमधला फ्लॅट आणि त्यामागची कंपनी

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी डब्लिनमध्ये फ्लॅट घेतला आहे. किल्ली मिळाली, वास्तुशांत झाली आणि पाठोपाठ सर्व्हिस चार्जचं, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीचं, बिल आलं. बिल पाठवणारी कुणीतरी परकी कंपनी आपल्याकडून पैसे उकळते, अशी तक्रार मी सतत ऐकतो. बिल पाठवतो तो मॅनेजिंग एजंट; तो पगारी माणूस, सरकारी परवाना घेऊन काम करणारा. त्याला नेमणारी ओनर्स मॅनेजमेंट कंपनी, म्हणजे सगळ्या फ्लॅटमालकांची मिळून असलेली कंपनी, मात्र तुमची स्वतःची आहे. खरेदीखत झालं त्या दिवशी तुम्ही तिचे सभासद झालात.

आयर्लंडमध्ये फ्लॅट सहसा ५०० किंवा ९९९ वर्षांच्या लीजवर मिळतो. छप्पर, जिने, लिफ्ट, बाहेरच्या भिंती या कंपनीच्या नावावर असतात. २०११ च्या मल्टी-युनिट डेव्हलपमेंट्स कायद्याने नव्या इमारतींमध्ये पहिला फ्लॅट विकण्याआधीच ही सामाईक मालमत्ता कंपनीला देणं बिल्डरला बंधनकारक केलं. आपल्याकडे कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, वर्षानुवर्षं हेलपाटे घालणाऱ्या सोसायट्या आठवा, म्हणजे या कलमाची किंमत कळेल. पण पुण्या-मुंबईच्या सोसायटीला सहकार खात्याचा उपनिबंधक असतो, तसा अधिकारी इथे नाही. भांडण विकोपाला गेलं की थेट सर्किट कोर्ट.

कंपनीच्या सभेत फ्लॅटमागे एक मत. वर्षातून एकदा सभा, तिची नोटीस २१ दिवस आधी आणि वार्षिक अहवाल किमान १० दिवस आधी सभासदांच्या हाती. सर्व्हिस चार्ज सभेपुढे मांडावाच लागतो. मतदान करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोकांनी नाकारला, तर आधीच्या वर्षीचा दर चालू राहतो. भाडेकरूला मत नाही.

कंपनीचे डायरेक्टर म्हणजे तुमच्यासारखेच फ्लॅटमालक, बहुधा बिनपगारी. पण २०१४ चा कंपनी कायदा त्यांना सूट देत नाही. प्रामाणिकपणे कंपनीच्या हितासाठी वागायचं, वाजवी काळजी आणि कौशल्य वापरायचं, स्वतःचा स्वार्थ आड येऊ द्यायचा नाही. मेव्हण्याला रंगकामाचं कंत्राट द्यायचं असेल तर ते नातं आधी बोर्डापुढे उघड करावं लागतं. ‘एजंट बघतो सगळं’ हे उत्तर कायद्यात चालत नाही; काम सोपवता येतं, जबाबदारी डायरेक्टरचीच राहते.

यातलं सर्वांत कंटाळवाणं वाटणारं काम म्हणजे कंपनी निबंधकांकडे वार्षिक विवरणपत्र भरणं. ते चुकत गेलं तर कंपनीचं नाव पटावरून काढलं जातं, आणि अशा कंपनीची मालमत्ता सरकारकडे जाते. तुमचा जिना, तुमचं छप्पर. त्या अवस्थेत फ्लॅट विकायला काढलात तर घेणाऱ्याचा वकील तिथेच थांबतो. आपल्या कंपनीची स्थिती निबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आज घरी गेल्यावर पाहा.

आता सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा निधी, ज्यासाठी मी मुख्यतः आलो. २०११ चा कायदा म्हणतो, दर फ्लॅटमागे वर्षाला २०० युरो, किंवा सभा ठरवील ती रक्कम. हे ‘किंवा’ घातक आहे. सभेत हात वर होतात आणि आकडा खाली येतो. १०० फ्लॅटांच्या इमारतीत २०० युरोंप्रमाणे वर्षाला २०,००० युरो जमतात. त्यात लिफ्ट बदलायची, छप्पर दुरुस्त करायचं, आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा नवी बसवायची. माझ्या मते २०० हाही कमीच आकडा आहे. जो डायरेक्टर लोकांना बरं वाटावं म्हणून चार्ज कमी ठेवतो, तो त्यांच्या मुलांच्या नावावर बिल फाडत असतो.

ही भीती पोकळ नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये डब्लिनच्या डोनामीड भागातली प्रायरी हॉल ही इमारत आगीच्या धोक्यामुळे कोर्टाच्या आदेशाने रिकामी करावी लागली. कुटुंबं कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन बाहेर पडली. पुढे २०२२ मध्ये सरकारने नेमलेल्या गटाचा अहवाल आला: १९९१ ते २०१३ या काळात बांधलेल्या फ्लॅटांपैकी ५० ते ८० टक्क्यांमध्ये आगीपासून संरक्षण, बांधकाम किंवा पाणी झिरपणं यांपैकी एखादा दोष असू शकतो, आणि दुरुस्तीचा सरासरी खर्च दर फ्लॅटमागे सुमारे २५,००० युरो. आपल्यातल्या अनेकांची घरं त्याच काळातली आहेत.

म्हणून सभेची नोटीस आली की अहवाल उघडा आणि तीन गोष्टी शोधा. सिंकिंग फंडात किती आहे, तो कायद्याप्रमाणे वेगळ्या खात्यात आहे का, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या मोठ्या दुरुस्त्यांचा आराखडा एखाद्या जाणकाराकडून करून घेतला आहे का. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिला आहे, त्यांनी आपला सध्याचा पत्ता कंपनीला लेखी कळवावा. नाहीतर नोटीस भाडेकरूच्या टपालपेटीत पडून राहते. आणि डायरेक्टर व्हा अशी कुणी विनंती केली, तर हो म्हणण्याआधी मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि इमारतीच्या विम्याची कागदपत्रं मागून घ्या.