शाई फुटली की
(ठाण्यातल्या एका लेबल छापणाऱ्या गाळ्यावरचा लघुमाहितीपट : निवेदन)

[सकाळ. शटर अर्धं वर. उंबऱ्याबाहेर रांगोळीची चिमूट.]

वागळे इस्टेट, ठाणे. खंडेनवमी. आज दुपारपर्यंत मशीनला सुट्टी आहे.

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतली ही एक. बावीस नंबर सर्कलवरून आत वळलं की ओळीनं गाळे लागतात. कुठे स्प्रिंगा, कुठे प्लॅस्टिकचे साचे, कुठे पुठ्ठ्याची खोकी. आपण आलोय त्या गाळ्यात लेबलं छापतात. चकलीच्या पाकिटावरचं, कोकम आगळाच्या बाटलीवरचं, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल. घरी नेल्यावर लोक जे सोलून फेकतात, ते. आणि त्यावरच्या काळ्या पट्ट्या, म्हणजे बारकोड. आजची गोष्ट त्या पट्ट्यांची.

दारात आधी ठिपके पडले. आता ठिपक्यांवरून रेघ ओढली जातेय.

[हाताचा क्लोज-अप. शॉट तोडू नका, रेघ पूर्ण होऊ द्या.]

१९४८-४९ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत मायामीच्या किनाऱ्यावर, एका तरुणानं वाळूत जवळपास हेच केलं होतं. नॉर्मन जोसेफ वूडलँड. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमधला हा माणूस. तिथल्याच त्याच्या मित्रानं, बर्नार्ड सिल्व्हरनं, एकदा डीनचं बोलणं ओझरतं ऐकलं होतं. किराणा दुकानांच्या साखळीचा मालक डीनला गळ घालत होता की गल्ल्यावर माल आपोआप ओळखेल असं काहीतरी तुमच्या पोरांकडून करून घ्या. डीननं नकार दिला. सिल्व्हरनं मात्र ते वूडलँडच्या कानावर घातलं, आणि वूडलँडच्या डोक्यात ते असं बसलं की तो ड्रेक्सेल सोडून आजोबांकडे मायामीला जाऊन राहिला.

त्याला येत होती एकच लिपी : लहानपणी बालवीर असताना शिकलेली मोर्सची, ठिपके आणि डॅश. वाळूत चार बोटं रोवून त्यानं हात आपल्याकडे ओढला. ठिपका ओढला की बारीक रेघ होते, डॅश ओढला की जाड.

[रांगोळीवर हळदकुंकू. मागे मशीनला झेंडूची माळ.]

२० ऑक्टोबर १९४९ ला दोघांनी पेटंटचा अर्ज केला. ७ ऑक्टोबर १९५२ ला पेटंट मिळालं, नंबर २६१२९९४. त्यात सरळ रेघा होत्याच, शिवाय त्याच रेघा वाकवून केलेली वर्तुळं होती, एकात एक, नेमबाजीच्या पाटीसारखी. वर्तुळ कुठल्याही बाजूनं वाचता येतं, पाकीट सरळ धरायची गरज नाही. कागदावर कल्पना बिनचूक होती.

वाचायचं यंत्रही त्यांनी घरीच उभं केलं. ५०० वॅटचा दिवा, आणि सिनेमाच्या फिल्मवरचा आवाज वाचण्यासाठी वापरायची ती प्रकाशनळी. यंत्रानं कागद वाचला, पण दिव्याच्या धगीनं कागदातून धूरही निघाला. लेसर यायला अजून दहाएक वर्षं होती. पेटंट १९६२ मध्ये फिल्को कंपनीला १५ हजार डॉलरला विकलं गेलं. सिल्व्हर १९६३ मध्ये वारला. आपली रेघ गल्ल्यावर वाचली गेलेली त्यानं कधीच पाहिली नाही.

[दुपार. माळ काढून मशीन सुरू. पहिली वीस सेकंद निवेदन नको, मशीनचा आवाज राहू दे.]

दिवाळी आली. फराळाच्या लेबलांची घाई आहे, म्हणून पूजा आटोपून दुपारीच रोल चढवला.

या मशीनला फ्लेक्सो म्हणतात. रोलरभोवती रबरासारखी मऊ प्लेट गुंडाळलेली असते आणि तिच्यावर रेघा उठावाच्या. उठावावर शाई चढते, खालून कागद पळतो, प्लेट टेकते. आता ती टेकते म्हणजे दाबली जाते, आणि मऊ वस्तू दाबली की पसरणारच. त्यामुळे रेघ प्लेटवर असते त्याहून कागदावर जाड उतरते. गाळ्यातली भाषा सरळ आहे : शाई फुटली.

[भिंगाखाली पट्ट्या. काकांचं बोट.]

पट्ट्यांमधली सगळ्यात बारीक रेघ, नेहमीच्या आकारात, ०.३३ मिलिमीटरची. दोन रेघांमधली फटही तेवढीच असू शकते. रेघ फुगली की फट मिटते, आणि आकडा लिहिलेला असतो रेघ आणि फट दोन्हींत मिळून. म्हणून मशीनवरचे काका प्लेट बनवून घेतानाच रेघा मुद्दाम सडपातळ करून घेतात. कापड आटणार म्हणून शिंपी वाढवून कापतो, इथे शाई पसरणार म्हणून कमी करून. किती कमी, ते कागद बदलला की बदलतं, शाई बदलली की बदलतं, पावसाळ्यातही वेगळं असतं असं काका म्हणतात. सहीचा नमुना म्हणून मागच्या जॉबची पट्टी समोर चिकटवलेली असतेच.

[रोल पळताना वरून. पट्ट्या कागदाच्या धावेबरोबर.]

ही चौकट नीट बघा. पट्ट्या कागदाच्या धावेला समांतर आहेत. आडव्या लावल्या असत्या तर लेबल रोलवर सोयीचं बसलं असतं, चार पैशांचा कागदही वाचला असता. पण शाई ओढली जाते ती धावेच्या दिशेनं. रेघ त्याच दिशेत असली तर फार तर लांब होते, आणि लांब झालेल्या रेघेनं कुणाचं काही बिघडत नाही. आडवी असली तर जाड होते.

आता वर्तुळाकडे परत चला. वर्तुळ कसंही छापा, त्याचा कुठला ना कुठला भाग धावेला आडवा येणारच. ३ जुलै १९७२ ला आरसीए कंपनीनं अमेरिकेतल्या सिनसिनाटीत, क्रोगर या किराणा साखळीच्या एका दुकानात वर्तुळाचे कोड लावून प्रयोग सुरू केला. छापताना वर्तुळांची शाई ओढली जायची, आणि तशी लेबलं वाचली जात नसत.

त्याच सुमारास नॉर्थ कॅरोलिनात, आयबीएममध्ये, जॉर्ज लॉरर नावाच्या इंजिनिअरला वर्तुळाचाच प्रस्ताव पुढे न्यायला सांगितलं गेलं होतं. त्यानं ते केलं नाही. छपाईत वर्तुळ टिकणार नाही हे त्याला दिसलं, आणि वरिष्ठांचा रोख तिकडे असतानाही त्यानं सरळ उभ्या पट्ट्या मांडल्या. वूडलँड तेव्हा त्याच कंपनीत नोकरीला होता, म्हणजे ज्याचं वर्तुळ बाजूला पडलं तोही तिथेच. अमेरिकेतल्या किराणा व्यवसायाच्या समितीनं ३ एप्रिल १९७३ ला लॉररच्या पट्ट्या निवडल्या. पेटंटाच्या कागदावरचं वर्तुळ शाईपुढे हरलं. छापखान्यातल्या कुठल्याही माणसानं हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, पण त्याला विचारतं कोण?

२६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी, मार्श नावाच्या दुकानात, पहिली वस्तू वाचली गेली. च्युइंगगमचं पाकीट, किंमत ६७ सेंट.

[टेबलावर स्कॅनर. काका गन मारतात. टूंऽक.]

इथे टेबलावर स्कॅनरची गन ठेवलेली असते. प्रत्येक रोलची सुरुवात, मध्य आणि शेवट तपासायचा. हा चिवड्याच्या लेबलाचा कोड, ८९० नं सुरू होणारा. ८९० म्हणजे भारतात बनलेला माल, असं दुकानात छातीठोकपणे सांगितलं जातं. ते तसं नाही. कंपनीनं नंबर जीएस१ इंडियाकडून, म्हणजे इथे हे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ. माल बाहेरून आणलेलाही असू शकतो.

[अगदी जवळून : डावीकडे पट्ट्यांच्या बाहेर उभा असलेला ८.]

आणि त्यातला हा ८ बघा, एकटाच कडेला उभा. खाली तेरा आकडे आहेत, पट्ट्या मात्र बाराच आकड्यांच्या. आठाला पट्टीच नाही.

अमेरिकेचा कोड बारा आकड्यांचा. १९७७ मध्ये युरोपनं आपली पद्धत आणली तेव्हा त्यांना तेरावा आकडा हवा होता, पण पट्ट्यांची रुंदी वाढवायची नव्हती. मग त्यांनी डाव्या बाजूच्या सहा आकड्यांना दोन-दोन रूपं दिली. पाचाचं एक रूप अ, दुसरं ब, वाचलं तरी दोन्ही पाचच. पण सहा जागांवर कोणतं रूप कुठे वापरलंय, त्या क्रमातून पहिला आकडा कळतो. आठाचा क्रम : अ ब अ ब ब अ. ढोलाच्या ठेक्यासारखा म्हणून बघा. ८९० च्या प्रत्येक पाकिटावर, मग ते काजूकतलीचं असो की साबणाचं, डाव्या अर्ध्या भागात हाच ठेका वाजत असतो.

शेवटचा आकडा पहारेकरी. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जे कमी पडेल ते शेवटी लिहायचं. गन दर वेळी हा हिशेब करते. जुळला तरच टूंक वाजतं.

[कोकम आगळाचं लेबल, कोकमी रंगावर काळ्या पट्ट्या. मग पांढऱ्यावर लाल पट्ट्यांचा नमुना. गन गप्प.]

हा काकांचा आवडता खेळ. गनचा उजेड लाल. लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यासारखाच उजळ दिसतो. म्हणून कोकमी कागदावर काळ्या पट्ट्या लगेच वाचल्या जातात, आणि पांढऱ्यावर लाल पट्ट्या आपल्याला ठळक दिसत असूनही गनला तिथे कोरा कागद असतो. एका ग्राहकानं कुंकवाच्या रंगाच्या पट्ट्याच हव्यात असा हट्ट धरला होता. दुसऱ्यानं पैठणीचा काठ थेट पट्ट्यांना नेऊन चिकटवला. दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, डावीकडे साधारण साडेतीन मिलिमीटर. काठ सुंदर होता, रोल मात्र सगळा परत आला. ग्राहकाचं नाव सांगत नाही. खापर मात्र तेव्हा शाईवरच फुटलं.

[दिवा स्टेशनच्या पुलावरून मालगाडी. पूर्ण गाडी जाऊ द्या.]

पुलावरून हा शॉट मिळाला म्हणून एक आडवळण. अमेरिकेत रेल्वेच्या डब्यांवर बारकोड किराणा दुकानांच्या आधी आला होता. डेव्हिड कॉलिन्सनं केलेली, रंगीत चकाकत्या पट्ट्यांची ती पद्धत तिथल्या रेल्वे कंपन्यांनी १९६७ मध्ये स्वीकारली. दहाएक वर्षांत सोडून दिली, कारण पट्ट्यांवर चिखल आणि धूळ बसायची. आपल्या मालडब्यांवर अजून रंगानं काढलेला अकरा आकडी नंबर दिसतो, आणि त्यातला शेवटचा आकडाही पडताळणीचाच. धुळीतून नंबर वाचणारे डोळे माणसाचे असले तरी चूक पकडायची युक्ती तीच.

[गाळ्यातलं कपाट. जुन्या जॉबच्या फायली, पिवळे पडलेले नमुने.]

या फायलींत काय छापलं ते आहे. न छापता कमावणाराही एक होता. जेरोम लेमेलसननं १९५४ आणि १९५६ मध्ये यंत्रानं बघण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचे अर्ज केले, आणि त्या अर्जांच्या पोटातून पुढची कित्येक दशकं नवेनवे दावे काढले. बारकोड जगभर पसरल्यावर ते दावे पुढे करून कंपन्यांकडून परवान्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. शेवटी गन बनवणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००४ मध्ये नेवाडातल्या न्यायालयानं ते दावे फेटाळले. इतका उशीर लावल्यावर हक्क सांगता येत नाही, हे त्यातलं एक कारण. २००५ मध्ये अपिलातही तेच राहिलं. लेमेलसन १९९७ मध्येच गेला होता.

[जांभळी नाका, संध्याकाळ. गर्दी. भाजीच्या पाटीवर क्यूआर कोड, एक कोपरा फाटलेला.]

हा कोडही या गाळ्यातूनच आलाय. झेंडूच्या ढिगाऱ्यात टेकवलेला, पाण्यानं भिजलेला, एक कोपरा गेलेला. तरी पैसे जातात.

जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये हा बनवला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर बारकोडमध्ये माहिती मावत नव्हती, एकेका खोक्यावर कामगारांना कितीतरी पट्ट्यांवर गन मारावी लागायची. काळ्यापांढऱ्या सोंगट्यांच्या 'गो' या खेळाच्या पटावरून त्यांना चौकटींची कल्पना सुचली. पण गनला कळणार कसं की या छापील पसाऱ्यात कोड कुठे आहे? हारांच्या गटानं मासिकं, जाहिरातपत्रकं, खोकी असा ढिगानं छापील मजकूर तपासला आणि काळ्यापांढऱ्याचं जे प्रमाण छपाईत सगळ्यात क्वचित येतं ते हुडकलं : १:१:३:१:१. तीन कोपऱ्यांतले हे तीन चौकोन. कुठूनही रेघ मारा, मधून जाताना हेच प्रमाण येतं. लॉररसारखं इथेही उत्तर छापील कागदातच सापडलं.

फाटलेल्या कोपऱ्याचं रहस्य त्याहून जुनं. आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेलं गणित. माहितीबरोबर जादा आकडे असे गुंफायचे की काही हरवलं तरी उरलेल्यांतून ते परत काढता यावं. सगळ्यात भक्कम तऱ्हेत ३० टक्क्यांपर्यंत नुकसान चालतं. भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग नवीन स्टिकर कशाला घेऊ? गाळ्याच्या मालकांनी हे वाक्य कापा म्हणून सांगितलंय. ठेवलंय.

डेन्सोनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांवर हक्क बजावला नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि हा चौकोन पाटीपाटीवर बसला.

बारकोडनं दुकानात वस्तूगणिक किमतीचं लेबल चिकटवणाऱ्या पोरांचं काम गेलं, आणि गल्ल्यावरच्या मुलीचा वेग यंत्र मोजायला लागलं. तेही याच रेघांतून.

[रात्र. गाळा. रोल कापून पट्टे वेगळे होताना. हमालांच्या हातातली खोकी.]

रात्री साडेनऊ. चकलीचा शेवटचा रोल कापून झाला. काका मधलंच एक लेबल उचलतात, डोळ्यांजवळ नेतात, मग गनखाली धरतात.

[गन. आवाज नाही. काका लेबल पुसतात, पुन्हा धरतात. टूंऽक.]

टेम्पो जांभळी नाक्याला निघाला. मशीनवरची शाई धुवायला अजून अर्धा तास आहे.

[रॉकेलचा बोळा, रोलरवरून उतरणारा काळा रंग. नामावली.]