३.१० ची गाडी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘निवृत्तीनंतरचं वेळापत्रक’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मनात साचलेलं एक सांगून टाकतो. माझ्या खोलीत छोटी रेल्वे बघायला जो येतो, तो पाच मिनिटांत विचारतो, “हे पूर्ण कधी होणार?” मला या प्रश्नाचा खरंच त्रास होतो. स्टेशनमास्तरला कुणी विचारतं का, की तुमची रेल्वे पूर्ण कधी होणार? त्याला विचारतात, “गाडी कितीला आहे?” मलाही तेच विचारा.

माझी गाडी ३.१० ला आहे. तिचीच हकिकत सांगतो.

माझा लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांची मांडणी, एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या १:८७. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. सकाळी खोलीत गेलो की आधी रुळांवरून बोट फिरवायचं. बोट काळं झालं तर फडक्यावर अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचे. वीज रुळातूनच चाकांत जाते, तेव्हा काजळीचा एक थर इंजिन थांबवायला पुरतो. मग ८.४० ची मालगाडी, ११ वाजता शंटिंग, म्हणजे डब्यांची जुळवाजुळव, आणि दुपारी ३.१० ची पॅसेंजर. प्रत्येक फेरी वहीत लिहायची. गाडी वेळेवर गेली तरी लिहायची.

एका उन्हाळ्यात ही ३.१० ची पॅसेंजर खिडकीजवळ रुळावरून उतरायला लागली. रोज, त्याच जागी. मी तिसऱ्या डब्यावर संशय घेतला. त्याच्या चाकांमधलं अंतर मापलं, ते बरोबर निघालं. डबा हलका असेल म्हणून आत वजन चिकटवलं. डबे जोडणारं कपलिंग बदललं. डबाच काढून टाकला, तर दुसरा उतरला. आठ दिवस मी त्या बिचाऱ्या डब्यांच्या मागे लागलो होतो. ज्यांनी हे केलंय, ते मागच्या रांगेत माना डोलावताहेत, मला दिसतंय.

नवव्या दिवशी वही चाळली. सकाळची मालगाडी त्याच रुळावरून जाते आणि ती एकदाही उतरलेली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गाड्यांची अदलाबदल केली. पॅसेंजर सकाळी सोडली, ती सुरळीत गेली. मालगाडी ३.१० ला सोडली, ती उतरली! दोष गाडीत नव्हता, वेळेत होता. दुपारी तीनला तिथे काय होतं? खिडकीतून ऊन येतं.

आमचे रूळ निकेल सिल्व्हरचे. नावात चांदी असली तरी त्यात तांबं, निकेल आणि जस्त. वीज चांगली वाहावी म्हणून मी खिडकीलगतचे तीन मीटर रूळ सलग झाळून टाकले होते, कुठेही फट ठेवली नव्हती. उन्हाने रूळ वीस अंशांनी तापला, तर तीन मीटरला जवळजवळ एक मिलिमीटर वाढतो. वाढलेला रूळ जाणार कुठे? तो बाजूला फुगतो. डोळा रुळाच्या पातळीला आणून पाहिलं, तर सरळ रूळ किंचित वाकलेला! संध्याकाळी पुन्हा सरळ. दुसऱ्या दिवशी पहाटे, रूळ गार असताना, बारीक करवतीने फट पाडली, फटीच्या दोन्ही बाजूंना विजेच्या तारा वेगळ्या जोडल्या आणि खिडकीला पडदा लावला. त्या दुपारी ३.१० ची गाडी खिडकीजवळून निघून गेली. वहीत मी फक्त ‘वेळेवर’ एवढंच लिहिलं, आणि नंतर बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. दहाच मिनिटं? बरं, मूळ मुद्दा भरभर सांगतो.

गाडी नुसती गोल फिरवली तर आठवड्यात कंटाळा येतो. छोट्या रेल्वेचे अमेरिकन छांदिष्ट फ्रँक एलिसन लेआउटला रंगमंच मानत आणि गाड्यांना पात्रं. वेळापत्रक हेच त्यातलं कथानक. मला हे शब्दशः पटतं. आता अडचण अंतराची. दहा किलोमीटरचा मार्ग १:८७ मध्येही ११५ मीटर होतो, एवढी खोली कुणाकडे आहे? मार्ग आखूड, त्यामुळे गाडी लगेच पोचते. म्हणून वेळही भरभर जावी यासाठी वेगवान घड्याळ वापरतात. चौपट वेगाचं घड्याळ लावलं की सहा तासांत पूर्ण दिवस उरकतो. गाडी मात्र पळवायची नाही. ताशी साठ किलोमीटर म्हणजे आपल्या मापात सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर. मोजून बघा, किती संथ वाटतं. आणि किती खरं.

जागाच नसेल त्यांच्यासाठी ॲलन राइट यांचं शंटिंगचं कोडं, इंगलनुक. एक फळी, तीन साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, त्यात पाच, तीन आणि तीन वाघिणी मावतात. एकूण वाघिणी आठ. प्रत्येक वाघिणीचा एक पत्ता. पत्ते ओढायचे आणि ज्या क्रमाने पत्ते आले त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. असे क्रम होतात ६७२०. रोज सकाळी एक लावला, तर अठरा वर्षांहून जास्त पुरतात. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाला अठ्ठ्याहत्तरीपर्यंत रोज सकाळी उठून सोडवायला नवं काम आहे!

ती फळी मी आज सोबत आणली आहे, त्या टेबलावर. सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, हाताने बदलावे लागतात, डावीकडचा जरा घट्ट आहे, अंगठ्याने दाबा. पत्ते पिसून ठेवलेत. समोरच्या रांगेतल्या आजी, तुम्ही मघापासून तिकडेच बघताय. या, पहिला पत्ता तुम्ही ओढा.