घाटीच्या ६२ पायऱ्या

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरापासून खाली बावीकडे एक घाटी उतरते. जांभ्याच्या ६२ पायऱ्या. माझ्या आईने चाळीस वर्षं त्या घाटीने डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन पाणी आणलं. मग अंगणात नळ आला, दारापर्यंत रिक्षा यायला लागली आणि त्याच सुमारास बाबा गेले. आईचे गुडघे दुखत होतेच. आम्ही भावंडांनी तिला बजावलं, "आता उतरायचं नाही, निवांत बसायचं." तिला सुख देतोय असंच आम्हाला वाटत होतं.

दोन पावसाळ्यांत आई पडवीतल्या बाकड्याला खिळली. चुलीवर पेज ठेवायची आणि विसरायची. रात्र रात्र झोप नसायची. अंगणातली अबोली सुकली तरी तिचं लक्ष नव्हतं. "चल, जरा फिरून येऊ," म्हटलं की म्हणायची, "माका आता खंय जावचा हा गो?"

हे वाक्य आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत ऐकू येतं. मुलं मुंबईला, अर्ध्या खोल्यांना कुलूप आणि पडवीत एकटं म्हातारं माणूस. म्हणून आज मला चालण्याबद्दल बोलायचंय, पण मेंदूसाठीच्या चालण्याबद्दल. व्यायाम म्हटलं की आपल्याला शुगर आठवते, वजन आठवतं. मेंदू मात्र कुणाच्या मनात येत नाही. खरं तर मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण प्राणवायूतला सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. पाय चालले, हृदयाचे ठोके वाढले की त्याच्याकडे जाणारं रक्तही वाढतं.

रापणीच्या जाळ्यात कधीमधी समुद्रघोडा येतो, तो तुम्ही पाहिला असेल. आपल्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, तशाच वळणाचा एक भाग असतो. नावही समुद्रघोड्याचंच, हिप्पोकॅम्पस. आज सकाळी काय खाल्लं, किल्ली कुठे ठेवली, या नव्या आठवणी तिथे रुजतात. वय वाढतं तसा हा भाग आक्रसतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी ५५ ते ८० वर्षांच्या १२० माणसांचे दोन गट केले. एक गट वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालला, दुसऱ्याने फक्त हातपाय ताणण्याचे हलके व्यायाम केले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चालणाऱ्यांचा हा भाग सरासरी २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला होता. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईचं बाकडं आलं.

यामागे बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे असं मानतात. व्यायामाने ते वाढतं. मेंदूतल्या पेशी तगायला आणि त्यांचे एकमेकींशी दुवे जुळायला त्याची मदत होते. आणखी एक रेणू आहे, त्याचं नाव मला फार आवडतं. १९९२ मध्ये सापडलेल्या या रेणूला शास्त्रज्ञांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' म्हटलं. दमदार हालचालीनंतर रक्तात तो वाढलेला आढळतो. शिमग्यात पालखी नाचवून घामाने निथळलेल्या माणसाचा चेहरा आठवा.

उदासपणाच्या आजाराविषयी मात्र नीट ऐका. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य असलेली पन्नाशीपुढची १५६ माणसं होती. काहींना गोळ्या दिल्या, काहींकडून व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम होता. सुरुवातीला गोळ्यांचा गुण लवकर दिसला. तेव्हा चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि नैराश्याचा माणूस 'उठ, चाल' म्हटल्याने उठत नाही, त्याचा आजारच त्याला उठू देत नाही. त्याच्यासोबत आपण उठावं लागतं. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा, फोन क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आईला आधी डॉक्टरांना दाखवलं. विसरभोळेपणामागे बी-१२ ची कमतरता असू शकते, थायरॉईडही असू शकतं. ते तपासून घ्यायलाच हवं. मग सुरुवात केली ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावसात घाटीवर शेवाळ धरतं, तिथे पाय घालायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. आम्ही पाच मिनिटांनी सुरुवात केली. खांबाला धरून एका पायावर उभं राहणं तिला सगळ्यात कठीण गेलं.

दिवाळीनंतर पायऱ्या कोरड्या झाल्या. पहिल्या दिवशी आई पाच उतरली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा चिऱ्याच्या गडग्यावर. गुडघे अजून दुखतात, पेज अजूनही एखाद्या दिवशी करपते. पण रात्री ती झोपते. चोविसाव्या पायरीपाशी फणसाखाली बसायला दगड आहे. तिथपर्यंत ती आता रोज उतरते आणि खालून टोपली घेऊन येणाऱ्या बाईला थांबवून विचारते, "आज काय गावला गो?"