हॉज नावाचं डोंगरातलं गाव : दूध, गडगे आणि माणसं

(वाचनालयाच्या शनिवारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला प्रवासवर्णन करता येत नाही. मी तीस वर्षं दूध संघाच्या लॅबमध्ये काढली, सकाळी साडेपाचला कॅन यायचे आणि मी दुधाचं फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, डिग्री बघत बसायचे. त्यामुळे कुठेही गेले तरी माझं लक्ष आधी गोठ्याकडे जातं, मग देवळाकडे. मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिच्याकडे तीन महिने होते, आणि तिथे येणारे सगळे विचारायचे की लंडन बघितलं का, राजवाडा बघितला का. बघितला. पण मला बोलायचंय ते हॉज नावाच्या गावाबद्दल. यॉर्कशायरच्या डोंगरात, वेन्सलीडेल म्हणून एक खोरं आहे, त्याच्या वरच्या टोकाला हे गाव. वस्ती हजार-अकराशेच्या घरात, समुद्रसपाटीपासून साधारण २६० मीटर, आणि दर मंगळवारी बाजार. १६९९ साली राजाकडून बाजार भरवायची सनद मिळाली, तेव्हापासून हे बाजारगाव.

जायचं कसं तर लीड्सहून कार्लाइलच्या गाडीत बसायचं. ही सेटल-कार्लाइल लाइन १८७६ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली, आणि वाटेत रिबलहेडचा पूल लागतो, २४ कमानी, ४०० मीटर लांब, ३२ मीटर उंच, खाली नुसती दलदल आणि वारा. हा पूल बांधताना मजूर तिथेच झोपड्या बांधून राहिले, बायकापोरांसकट, अपघातात गेले, देवीच्या साथीत गेले, शंभराहून जास्त माणसं, आणि जवळच्या चॅपेल-ल-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलेली आहेत. गाडी पुलावर अगदी सावकाश जाते आणि डब्यातले सगळे मोबाइल काढून फोटो घेतात, मीही घेतला, पण मला आपला भोर घाट आठवला. तिथे रेल्वे बांधताना कोण कोण गेलं त्यांची नावं आपल्यातल्या किती जणांना माहीत आहेत?

ही लाइन १९८० च्या दशकात बंद करायचं ठरलं होतं. पूल जुना झालाय, दुरुस्तीला पैसे लागतात, हेच कारण. लोकांनी हरकती पाठवल्या, सुमारे ३२ हजार, आणि त्यात एक हरकत होती रस्वार्प नावाच्या कुत्र्याची, पंजाचा ठसा मारून. हा कुत्रा तिकीट काढून गाडीने जायचा, म्हणून तोही प्रवासी, म्हणून त्याची हरकत धरली गेली. एप्रिल १९८९ मध्ये सरकारने लाइन चालू ठेवली. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्याचा मालक ग्रॅहम नटल वेल्सच्या डोंगरात फिरायला गेला तो परतलाच नाही. एप्रिलमध्ये सापडला तेव्हा रस्वार्प त्याच्या शेजारी बसलेला होता. अकरा आठवडे, थंडी, पाऊस, काय खाल्लं असेल कोण जाणे. म्हातारा कुत्रा होता, मालकाच्या अंत्यविधीपर्यंत जगला आणि गेला. त्याचा ब्राँझचा पुतळा गार्सडेल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर आहे, आणि हॉजला जायला उतरायचं ते याच स्टेशनवर. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, धातू गार होता अगदी. डोळ्यात पाणी आलं ते आलंच.

हॉजला स्वतःचं स्टेशन होतं पण ते १९५९ मध्ये बंद झालं, आता तिथे म्युझियम आहे. मग गार्सडेलहून दहाएक किलोमीटर जायचं कसं? तिथे एक छोटी पांढरी बस येते, नावच लिटल व्हाइट बस. ही बस गावातल्या लोकांच्या संस्थेची. ड्रायव्हरांमध्ये काही पगारी, काही नुसते गावासाठी म्हणून चालवणारे. हीच संस्था गावातला पेट्रोल पंपही बघते, पोस्टाचं कामही आणि लायब्ररीही. म्हणजे एकेक गोष्ट बंद पडायला आली की लोकांनी ती आपल्या हातात घेतली. मला हे ऐकून आमच्या भागात सुरुवातीला दूध सोसायट्या कशा निघाल्या ते आठवलं, वडील सांगायचे तसंच, की कोणी येऊन करणार नाही, तर आपणच करू.

आता चीजबद्दल, कारण मी त्यासाठीच गेले होते. वेन्सलीडेल चीज. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या पंथाचे साधू या खोऱ्यात येऊन राहिले, त्यांनी मेंढीच्या दुधाचं चीज करायला सुरुवात केली असं सांगतात, पुढे मठ मोडले आणि ही विद्या शेतकऱ्यांच्या बायकांच्या हातात राहिली, मग गाईचं दूध आलं. १८९७ मध्ये एडवर्ड चॅपमन नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्याने हॉजमध्ये कारखाना काढला. १९३० च्या दशकात तो बुडायला आला तेव्हा किट कॅल्व्हर्ट नावाच्या गावातल्याच माणसाने सभा घेतली, शेतकऱ्यांकडून पैसे गोळा केले आणि कारखाना उभा ठेवला. हा माणूस खाणकामगाराचा मुलगा, आणि पुढे त्याने बायबलचे भाग आपल्या खोऱ्याच्या बोलीत आणले, गावात जुन्या पुस्तकांचं दुकानही चालवलं. अशी माणसं मला फार मोठी वाटतात, खरंच.

नंतर कारखाना मोठ्या मालकांकडे गेला आणि १९९२ च्या मे महिन्यात त्यांनी तो बंद केला. साठेक लोकांचं काम गेलं, आणि चीज करायचं ठरलं लँकेशायरमध्ये. यॉर्कशायरच्या माणसाला याचं किती वाईट वाटलं असेल ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही, या दोन परगण्यांचं वैर जुनं आहे. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्याच मॅनेजर लोकांनी कारखाना विकत घेतला आणि जुन्या कामगारांपैकी थोड्यांना घेऊन परत सुरू केला. २०१३ मध्ये यॉर्कशायर वेन्सलीडेल या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, भौगोलिक मानांकन, जीआय म्हणतो ना आपण, तसंच. आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सपुतो कंपनीने तो विकत घेतला, २३ मिलियन पौंडाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण अशा गोष्टी सांगताना मधेच थांबतो, जिथे शेवट गोड दिसतो तिथे. गावात काही लोक म्हणाले की पैसा आला, काम टिकलं, बरं झालं. मला मात्र आत कुठेतरी टोचलं. दोन वेळा गावाने वाचवलेली वस्तू आहे ती.

कारखान्यात काचेमागून चीज कसं होतं ते बघता येतं. मोठी उघडी लांबट टाकी, दूध पाश्चराइज करून आणलेलं, त्यात विरजण म्हणजे कल्चर, मग रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य. तासाभरात दही खरवसासारखं बसतं, मग तारांच्या सुऱ्यांनी त्याचे तुकडे करतात आणि हळूहळू निवळी सोडतात. मी तिथे उभी होते आणि माझ्या शेजारच्या बाईला सांगत होते की आता बघा, आता निवळी हिरवट दिसेल, आणि ती दिसली. नंतर ते दह्याचे ढेपे फोडायचे, मीठ टाकायचं, साच्यात भरायचं, दाबायचं, कापड गुंडाळायचं. चक्क्याचं काम ज्याने केलंय त्याला यातलं काही परकं नाही. फरक एवढाच की आपण चक्का दोन दिवसांत खाऊन टाकतो आणि हे लोक महिनोन्महिने फळीवर ठेवून उलटंपालटं करतात.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. हॉजला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, काय निसर्ग आहे! मीही म्हटलं. पण चार दिवस राहिल्यावर कळलं की यातला बराचसा निसर्ग माणसाने आणि मेंढीने केलेला आहे. ते डोंगर हिरवे गवताचे आहेत ते मेंढ्या चरतात म्हणून, नाहीतर झुडपं आली असती. ती खोऱ्यातली फुलांची कुरणं, पिवळी जांभळी, ती उन्हाळ्यात उशिरा कापणी करून वैरण साठवतात म्हणून. आणि ते दगडी गडगे, नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती. माझं माहेर कोकणातलं, राजापूरकडचं, त्यामुळे मला गडगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण एवढे गडगे मी जन्मात बघितले नव्हते. यॉर्कशायर डेल्स या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात ८ हजार किलोमीटरहून जास्त गडगे आहेत, उभ्या डोंगरावरून सरळ वर गेलेले, सिमेंट नाही, चुना नाही, काही नाही.

एका दुपारी एक म्हातारे शेतकरी ढासळलेला गडगा नीट करत होते, मी रस्त्यात थांबले तर म्हणाले, "ये लव, बघ." तिकडे बायकांना लव म्हणतात, आपल्याकडे कसं अनोळखी बाईलाही ताई म्हणतो तसंच. गडगा दुहेरी असतो, दोन बाजूंनी दोन भिंती वर जात जात एकमेकींकडे कलतात, मधे बारीक दगड भरतात, त्याला ते हार्टिंग म्हणतात, आणि ठरावीक उंचीवर आरपार लांब दगड घालतात ते थ्रू. थ्रू नसला तर दोन्ही भिंती पोटातून फुगतात आणि पडतात. म्हणाले, दगड एकदा हातात घेतला की खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची. मी अर्धा तास बघत होते, त्यांनी खरंच एकही दगड परत ठेवला नाही, हातात फिरवायचे, बघायचे, बसवायचे. खाली मधेच एक चौकोनी भोक सोडलेलं होतं, मेंढी जाईल पण गाय जाणार नाही एवढं. मला वाटलं होतं की हे सगळं हजार वर्षांचं असेल, पण यातले पुष्कळ गडगे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले, जेव्हा पार्लमेंटने कायदे करून गावची मोकळी गायरानं वाटून बंद केली. गरिबाची एक गाय जिथे फुकट चरायची तिथे भिंत आली. ते म्हातारेच म्हणाले की आमच्या आजोबांच्या आजोबांनी मजुरीवर हे बांधलं आणि त्यांचीच गाय बाहेर राहिली.

वरच्या डोंगरावर मात्र अजून भिंती नाहीत, तो सगळ्यांचा. मग कोणाच्या मेंढ्या कुठे, हे कसं कळतं? मेंढीलाच कळतं. तिथल्या स्वेलडेल मेंढ्या, काळं तोंड, पांढरं नाक, नर-मादी दोघांना शिंगं, त्या आपापल्या तुकड्यावरच चरतात. आई पिल्लाला शिकवते, पिल्लू मोठं होऊन त्याच्या पिल्लाला. याला तिकडे हेफ्टिंग म्हणतात. आपला धनगर कळप घेऊन घाटाखाली-घाटावर फिरतो, शेतात मेंढ्या बसवतो, इथे उलट, शेतकरी बदलला तरी मेंढ्या त्याच डोंगराच्या, शेत विकलं की कळपही शेताबरोबरच जातो. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुत आला तेव्हा ब्रिटनमध्ये ६० लाखांहून जास्त जनावरं मारली. मी दूध संघात असताना आम्ही खुरकुताच्या लशींसाठी गावोगाव फिरलोय, त्यामुळे हे ऐकताना माझ्या पोटात गोळाच आला. ज्या डोंगरावरचा कळप गेला तिथे नुसत्या मेंढ्या गेल्या नाहीत, डोंगराची ओळखही गेली, नवीन आणलेल्या मेंढ्यांना शिकवायला आई कुठून आणणार, वर्षानुवर्षं माणसांनी राखण करून ती सवय परत लावायची.

आणि एक गंमत, मला फार आवडलेली. तिथे मेंढ्या मोजायचे जुने आकडे आहेत, यान, टॅन, टेदर, मेदर, पिप, आणि दहाला डिक. रोजच्या कामात आता कोणी म्हणत नाही पण सगळ्यांना येतात, पोरं पाठ म्हणतात. हे इंग्लिश नाहीत, इंग्लिश यायच्या आधी तिथे जे लोक होते त्यांच्या वेल्शसारख्या भाषेतले मानतात. वेल्शमध्ये पाचाला पिंप म्हणतात, दहाला डेग. आता बघा, पिंप आणि पंच, डेग आणि दश, टेदर आणि तीन. या भाषा आणि आपली भाषा मुळात एकाच कुळातल्या. कुठला तो डोंगर आणि कुठलं आपलं सांगली, पण मेंढ्या मोजताना आपण चुलतभाऊ निघालो.

मंगळवारी जनावरांचा लिलाव असतो. गोल रिंगण, पायऱ्यांवर शेतकरी, आणि बोली लागते ती नुसती भुवई हलवून, मला तर कोण कितीला घेतोय काहीच कळेना. आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात, तेही बाहेरच्याला कळत नाही. सौदा झाल्यावर विकणारा घेणाऱ्याला थोडे पैसे परत देतो, त्याला लक मनी म्हणतात, जनावर लाभू दे म्हणून. लोकरीला मात्र भाव नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणाले. आमच्याकडचे घोंगडीवाले हेच सांगतात.

काळजीची गोष्ट घरांची आहे. गावातली, आसपासच्या वाड्यांमधली कितीतरी घरं बाहेरच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलेली. संध्याकाळी मी एका गल्लीत फिरले तर अकरा घरांपैकी चारच घरांत दिवा. माझ्या माहेरीही घरं बंद असतात, पण निदान गणपतीला ती उघडतात, चाकरमानी येतात, घर आपल्याच माणसांचं असतं. इथे गावातल्या पोराला स्वतःच्या गावात घर परवडत नाही, शाळेत मुलं कमी होत चाललीत. २०२५ पासून तिथल्या कौन्सिलने अशा दुसऱ्या घरांवर कर दुप्पट केलाय. मला ते बरोबर वाटतं. बसच्या ड्रायव्हरकाकांनी मला परत जाताना विचारलं, तुमच्याकडे दूध घालणाऱ्यांची पोरं गोठ्यात उतरतात का? मी खोटं बोलले नाही. म्हटलं, आमच्या सोसायटीत आता कॅन घेऊन येतात ते बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आमच्याकडेही.

बरं, आता मी हा डबा फिरवते. मागच्या आठवड्यात आणलंय, वरचं मेण काढून सकाळीच तुकडे केलेत, आणि शाकाहारी मंडळींनी घाबरायचं नाही, यातलं रेनेट जनावराचं नाही, लेबल बघून घेतलंय, काही प्रकारांत असतं म्हणून. आधी वास घ्या, ताकासारखा येईल. मग बोटांत धरून चुरा, खव्यासारखं सुटतं. शेजारी फ्रूटकेकचे तुकडे आहेत, तिकडे केक आणि चीज एकत्रच खातात, तर दोन्ही एका घासात घ्या. मागच्या रांगेपर्यंत पुरवा हं.