थ्रॉटल मागे ओढल्यावर

नमस्कार श्रोतेहो.

लहान खासगी विमानं उडवायला मी शिकवतो. विद्यार्थी निवांत उडवत असतो, आणि मी काहीही न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी दांडी, मागे ओढतो. इंजिनाचा आवाज एकदम बसतो. त्या क्षणी माझं लक्ष त्याच्या हातांवर असतं. नवख्याचे हात कंट्रोल हमखास आपल्याकडे ओढतात. जमीन नको, वर राहू दे, अशी शरीराचीच मागणी असते ती. पण तसं केलं की नाक वर जातं, वेग मरतो, आणि वेग गेला की पंख विमान पेलत नाहीत. स्टॉल म्हणतात तो हाच. म्हणून पहिलं काम एकच: नाक खाली.

इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही. सेस्ना १७२ हे छोटं विमान घ्या. वेग ६५ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर धरून ठेवला, तर वारा शांत असताना एक किलोमीटर उंचीवरून ते जवळजवळ नऊ किलोमीटर घसरत जातं. हाताशी चार मिनिटं असतात. तेवढ्यात वारा कुठून आहे ते बघायचं, वाऱ्याच्या तोंडावर उतरता येईल असं शेत निवडायचं, इंधनाची टाकी बदलणारा नॉब फिरवून बघायचा, रेडिओवर १२१.५ मेगाहर्ट्‌झ या आणीबाणीच्या लहरीवर तीनदा ‘मेडे’, म्हणजे मदतीची हाक, म्हणायचं. शेत निवडताना विजेच्या तारा शोधू नका, वरून त्या दिसतच नाहीत. खांब शोधा.

उड्डाण केल्या केल्या इंजिन गेलं, तर मात्र ही चार मिनिटं नसतात. मागे धावपट्टी आहे, वळून गाठू, असा मोह होतो. हा मोह जीवघेणा आहे, असं मी अगदी मनापासून सांगतो. अर्धं वळण पुरत नाही, कारण वळून विमान धावपट्टीच्या बाजूला येतं, समोर नाही. त्यात ४५ अंश कलून वळलं, तर ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेगच जवळपास एक पंचमांशाने वाढतो. उंची कमी, वेग कमी, वळण तीव्र. म्हणून निघण्यापूर्वीच मोठ्याने म्हणा: ‘अमुक उंचीच्या आत इंजिन गेलं, तर समोरच उतरणार.’

आणि उतरताना विमान वाचवायचं नाही, केबिन वाचवायची. पंख तुटले, चाकं मोडली, मोडू देत. तेवढा धक्का त्यांनी खाल्ला. ताशी ८० किलोमीटरचा वेग तीन मीटरच्या आत एकसारखा कमी झाला, तर शरीरावर साधारण साडेआठ ते नऊ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तितक्या पट, जोर येतो. खांद्याचे पट्टे घट्ट असतील तर माणूस तो सोसू शकतो. वेग दुप्पट असेल, तर त्याच जोरात थांबायला चौपट अंतर लागतं. टेकण्यापूर्वी इंधन बंद करा आणि दार किलकिलं करून ठेवा; चौकट वाकली तर मग ते उघडणार नाही.

इंजिनं बंद का पडतात? दर वेळी काही तुटलेलं नसतं. कितीदा इंधनच संपलेलं असतं, किंवा एक टाकी रिकामी, दुसरी भरलेली, आणि नॉब रिकाम्या टाकीवर. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तिथे, बर्फही धरतो, तोही थंडीतच असं नाही. आत पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार होते, की बाहेर २० अंश असताना दमट दिवशी बर्फ साचू शकतो. त्यावर उपाय म्हणजे कार्ब हीट: कार्ब्युरेटरमध्ये सोडायची गरम हवा. ती एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालते. इंजिन बंद पडलं की ती उष्णताही जाते, म्हणून इंजिन अडखळायला लागताच कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढा.

आणि पाणी. उड्डाणाआधी टाकीखालच्या झडपेतून थोडं पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडाकडे धरतात. पाणी जड, ते तळाशी मण्यासारखं गोल बसतं. एक मणी दिसला, तरी ओतून द्या आणि पुन्हा काढा. मणी दिसेनासा होईपर्यंत काढत राहा. मी शेजारी उभा राहून थांबतो, कितीही वेळ लागला तरी.