आईचं रजिस्टर

(दृश्य : लोखंडी कपाट. निळ्या पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर. पानं उलटणारा हात.)

हे रजिस्टर अंगणवाडीचं नाही, पण आखलंय अगदी तसंच. तारीख, वजन, ताप, काय खाल्लं, शौचास झाली का, शेरा. आणि शेवटच्या रकान्यात सही. रोजची.

माझी आई एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. लेकरांची वजनं घ्यायची, तक्त्यावर ठिपका काढायचा. हिरव्या पट्ट्यात असलं की पोर बरं, पिवळ्यात गेलं की त्याच्या आईला बोलावणं. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी अंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या स्तनात, सुपारीएवढी.

बायोप्सीचा रिपोर्ट आधी मी वाचला, मग मामानं. आणि आम्ही दोघांनी ठरवलं, तिला सांगायचं नाही. आपल्याकडे हे ठरवावंही लागत नाही, आपोआप होतं. ‘तो आजार’ म्हणायचं, ‘गाठ’ म्हणायचं, फाईल मुलाच्या काखेत. डॉक्टरही माझ्याशीच बोलायचे. “पेशंटला जेवण जातं का?” पेशंट समोर दीड फुटावर बसलेली.

नवव्या दिवशी मी शेतात गेल्यावर तिनं फाईल काढली आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे गेली. संध्याकाळी आल्यावर मला म्हणाली,

“तीस वर्षं आयांना सांगत आले, पोर तुमचं, वजन तुम्ही बघायचं. आणि माझं दुखणं मलाच सांगायला तुम्हाला काय धाड भरली होती?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून हे रजिस्टर घेऊन आली.

(दृश्य : पहिलं पान. बॉलपेननं, मोठ्या अक्षरात तीन ओळी.)

पहिल्या पानावर रिपोर्टमधले शब्द आहेत. ईआर, पीआर, हर-टू. स्तनाच्या कर्करोगात या तीन तपासण्यांवर पुढची बरीचशी औषधं ठरतात. ईआर, पीआर सांगतात, गाठ शरीरातल्या संप्रेरकांवर वाढते का. हर-टू हे पेशीवरचं एक प्रथिन. ते प्रमाणाबाहेर असेल तर त्याच्यावरच नेम धरणारं औषध आहे, ट्रॅस्टुझुमॅब. शून्य किंवा एक प्लस म्हणजे निगेटिव्ह, तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. आईचं होतं दोन प्लस.

तिनं विचारलं, “म्हणजे हो की नाही?”

डॉक्टर म्हणाले, “मधलं आहे.”

“मधलं म्हणजे ठरवायचं कसं?”

दोन प्लस आलं की ‘फिश’ नावाची आणखी एक तपासणी करतात, तेव्हा हो किंवा नाही कळतं. ती लिहून द्यायची राहून गेली होती. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. ओपीडीत त्या दिवशी माणसं जिन्यावर बसली होती, हे मात्र सांगतो. आई मागे लागली नसती तर केमो त्या तपासणीशिवायच सुरू झाली असती.

मग तिनं ठरवलं, एकदा परळला दाखवायचं. टाटा रुग्णालय. १९४१ पासून उभं आहे. आमच्याकडे नुसतं ‘टाटाला नेलं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिकडे नुसते कागद नेऊन भागत नाही, बायोप्सीचे ब्लॉकही लागतात. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो, तो ब्लॉक. इथल्या लॅबनं आधी ‘आम्ही देत नाही’ म्हणून परत पाठवलं. आईनं अर्ज लिहिला, पोच घेतली, दोन दिवसांनी ब्लॉक मिळाले. आणि कागदांचं म्हणाल तर वैद्यक परिषदेची २००२ची नियमावली सांगते, रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या. हे मला पुढं कळलं. आईला अर्ज आणि पोच एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावर काम झालं.

(दृश्य : स्टीलचा चपटा डबा. आत कापूस.)

महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये हा डबा रात्रभर तिच्या मांडीवर होता. पुण्याच्या पुढे कधीतरी तिनं झाकण उघडून आत बघितलं. “एवढंसं आहे होय,” म्हणाली, आणि झाकण लावलं.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथल्या बायकांनी दोन रात्रींत तिला जे शिकवलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. प्रश्न तीनच न्यायचे, जास्त नेले की एकाचंही धड उत्तर येत नाही. सगळ्यात अवघड प्रश्न आधी विचारायचा. आणि कुणी ‘नॉर्मल आहे’ म्हणालं तर ‘किती आलंय’ म्हणून आकडा मागायचा.

फिश पॉझिटिव्ह आली. ठरलेली औषधं बदलली, ट्रॅस्टुझुमॅब आलं. पुढचे उपचार आमच्या जिल्ह्यातच झाले. सरकारी आरोग्य योजनेचे कागद रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर तिनं स्वतः पुढं केले, रेशनकार्ड वर, बाकी त्याखाली. मी मागे उभा.

(दृश्य : वजनाचा रकाना. ६१, ६०, ५८, ५६, ५४.)

हा रकाना नीट बघा. केमोचा डोस बहुतेकदा उंची आणि वजनावरून काढतात. तिसऱ्या सायकलला कागदावर अजून ६१च होतं. आई म्हणाली, “सिस्टर, मी पिवळ्यात गेलेय.” सिस्टरना काही कळेना. मग रजिस्टर दाखवलं. परत वजन झालं, डोस परत काढला.

आणि हे पान. लाल रंगाचं औषध असलेल्या केमोनंतरचा दहावा दिवस. रात्री साडेअकरा, ताप १०१. मामा म्हणाला, क्रोसिन घे, सकाळी बघू. आईनं रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. तिथं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : १००.४च्या वर गेला की थांबायचं नाही. पांढऱ्या पेशी या दिवसांत तळाला गेलेल्या असतात. साधा संसर्गही काही तासांत अंगात पसरतो, आणि गोळीनं ताप झाकला तर कळतही नाही. साडेबाराला आम्ही दवाखान्यात होतो. आठवडाभर सलाईनमधून अँटिबायोटिक चाललं.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. कर्करोग पसरलेले रुग्ण. काहींनी मळमळ, दम, वेदना असा बारा लक्षणांचा त्रास संगणकावर स्वतः नोंदवायचा, त्रास वाढला की नर्सला ईमेल जायचा. बाकीच्यांचं नेहमीसारखं. नोंदवणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१ महिने, बाकीच्यांचा २६. औषध म्हणून वेगळं काहीच दिलेलं नव्हतं. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांनी सही पण घेतली असणार.”

पण रजिस्टरमध्ये एक आठवडा खोटा आहे. शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्ण ती घेत होती, आणि शेऱ्यात काहीच लिहिलं नव्हतं. रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास झाला की वाढतं ते, तिप्पट आलं. डॉक्टर औषधांची यादी परत परत तपासत होते. तेव्हा हिनं पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. पुढची सायकल दहा दिवस लांबली. त्या पानांवर नंतर तिनं लाल पेननं लिहिलंय : ‘नोंद चुकीची. चूर्ण घेत होते.’

(दृश्य : शेवटचं लिहिलेलं पान.)

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, ट्रॅस्टुझुमॅबचं वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी तिनं एकच प्रश्न नेला होता.

“परत येईल का?”

मी डॉक्टरांकडे बघत होतो. ‘काही नाही होत आजी’ म्हणावं, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “येऊ शकतो. शक्यता कमी आहे, पण येऊ शकतो. दर तीन महिन्यांनी बघत राहू.”

आईनं ते तसंच्या तसं लिहून काढलं. मग रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढं केलं.

“इथं सही करा.”

डॉक्टरांनी केली. तारखेसकट.