लिहून घेणार

(दृश्य : बदलापूर स्थानक, सकाळी ६.४०. फलाट, बायकांचा डबा.)

ही गर्दी तुम्ही पाहिलेली आहे. दर पावसाळ्यात बातम्यांत असतेच. तिच्यातली निळी ओढणी आणि काळी सॅक, ती आपली ताई. नाव सांगायचं नाही, या अटीवर तिनं आम्हाला घरात घेतलं. वय ३८. मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. हातात पडतात ३४ हजार. लग्न केलेलं नाही. का केलं नाही, हे विचारायला आम्ही गेलो नव्हतो. तिनं एकटीच्या नावावर घर कसं घेतलं, हे विचारायला गेलो होतो.

(दृश्य : चेनवाली प्लास्टिकची फाईल. ताईचे हात एकेक कागद काढून चटईवर मांडतात.)

आठ वर्षांत भाड्याची पाच घरं. डोंबिवली, ठाकुर्ली, परत डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. ज्या घरात दुसरं वर्ष मिळालं तिथे करार नवा आणि भाडं वाढीव. यातल्या एका करारावर खाली हातानं लिहिलेली ओळ बघा. ‘रात्री दहानंतर पाहुणे थांबणार नाहीत.’ ती वाचायला कॅमेरा जवळ गेला तेव्हा ताईच बोलली, “माझी आईसुद्धा पाहुणीच धरली होती त्यांनी.”

त्याच्याखाली म्हाडाच्या सोडतीचे तीन अर्ज, कोकण मंडळाचे. तिन्ही वेळा नंबर लागला नाही, अनामत परत आली. महिना ३४ हजार कमावणारी बाई म्हाडाच्या हिशेबात ‘अत्यल्प उत्पन्न गटात’ बसते. शब्द जरा लागतोच. पण स्वस्त घराचा दुसरा रस्ता सरकारी कागदावर तिला सापडला नाही. मग तिनं बिल्डरांची ऑफिसं पालथी घालायला सुरुवात केली.

(दृश्य : उल्हास नदीवरचा पूल. एका इमारतीच्या भिंतीवरचा मातकट पट्टा.)

हा पट्टा नीट बघा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, बोटी लावून माणसं बाहेर काढली, ते याच नदीचं पाणी. या बाजूची घरं अडीच-तीन लाखांनी स्वस्त होती. गॅलरीतून नदी दिसते, असं ताईला सांगण्यात आलं. ताई गॅलरीत गेलीच नाही. खाली उतरून समोरच्या टपरीवर तिनं चहा घेतला आणि टपरीवाल्या मावशींना विचारलं, “पाणी कुठवर आलं होतं?” मावशींनी हात छातीशी धरून दाखवला. ताईनं चहाचे पैसे दिले आणि रिक्षा केली.

लॅबमधली माणसं अशीच. आधी नमुना, मग निदान.

(दृश्य : स्टेशनच्या दुसऱ्या बाजूची पाच मजली इमारत. जिना. तिसरा मजला.)

शेवटी ठरलं ते हे. वन आरके, कारपेट २८० चौरस फूट, किंमत २२ लाख. इमारतीला ओसी (राहायला येण्याचा सरकारी दाखला) मिळालेली, म्हणजे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं असतं तर तोही भरावा लागला असता.

तिथल्या ऑफिसात दोन खेपा झाल्या आणि दोन्ही वेळा समोरच्या मुलानं पाण्याचा ग्लास ठेवत विचारलं, “मॅडम, मिस्टर कधी येतायत?” त्याचा राग आला नाही, असं ताई म्हणते. आम्हाला आला. तिसऱ्या वेळी तिनं टोकनचा चेकच टेबलावर ठेवला. त्यावरची सही बघून प्रश्न मिटला.

बँकेत तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत. “को-अ‍ॅप्लिकंट कोण?” पगाराच्या निम्म्याच्या आत हप्ता बसत होता, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) चांगला होता, तरीही. गावाकडून भाऊ आला. तोही चांगल्याच मनानं म्हणाला, “माझं नाव लाव, काम लवकर होईल.”

इथे जरा थांबू या. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. दस्तात खरेदीदार म्हणून भावाचं, नवऱ्याचं, कुठल्याही पुरुषाचं नाव जोडलं की ती गेली. आधी आणखी एक अट होती. हे घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. घर बाईचं, गिऱ्हाईक मात्र सरकार ठरवणार! ती अट २०२३ मध्ये काढली. २२ लाखांवर एक टक्का म्हणजे २२ हजार. नोंदणी फीसुद्धा तेवढीच, एक टक्का. म्हणजे एका हातानं वाचले ते दुसऱ्या हातानं गेले. पण ताईच्या घरात २२ हजार म्हणजे निम्म्याहून जास्त पगार. तेवढ्यासाठीच तिनं भावाला नाही म्हटलं का? आम्हाला तसं वाटत नाही. ती त्याला एवढंच म्हणाली, “दादा, तू साक्षीदार हो.”

(दृश्य : स्टीलचा डबा. आत पासबुकं, भिशीची वही.)

बँकेनं १८ लाख मंजूर केले. वरचे ४ लाख स्वतःचे, आणि स्टँप ड्युटी, नोंदणी, वकील, सोसायटी मिळून आणखी. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीवर. स्टँप ड्युटी आपली आपण उभी करायची, हे बऱ्याच जणांना टोकन देऊन झाल्यावर कळतं. ताईला लागले पावणेसहा लाख. पीएफमधून काढले २ लाख १०. आरडी मोडली, १ लाख ४०. लॅबमधल्या पंधरा जणींची भिशी, महिना तीन हजारांची. ताईचा नंबर आठवा होता. दुसऱ्या महिन्यात जिचा होता तिनं स्वतःहून अदलाबदल केली. वहीत बघा, दोन नावांमध्ये काढलेला बाण. ४५ हजार. राहिले १ लाख ८० हजार.

(दृश्य : आईचे हात. मनगट. इथे निवेदन नाही. ८ सेकंद.)

(दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा बाक. ताई, भाऊ, लॅबमधली मैत्रीण.)

टोकन सकाळचं होतं, सर्व्हर दुपारी सुरू झाला. बाकावर तिघांनी वडापाव खाल्ला. आत आम्हाला जाऊ दिलं नाही, म्हणून फोटो काढताना, अंगठा लावतानाची ताई तुम्हाला दिसणार नाही. पण तिच्या मांडीवरचा मसुदा दिसतो. दस्ताची भाषा जुनी आहे. विकणारा तो ‘लिहून देणार’, घेणारा तो ‘लिहून घेणार’. टायपिस्टनं आदल्या कुठल्यातरी जोडप्याचा मसुदा उचलला असावा, कारण ‘लिहून घेणार’च्या खाली १ आणि २ असे दोन आकडे. एकच्या पुढे ताईचं नाव, वय ३८, धंदा नोकरी. दोनच्या पुढे काहीच नाही.

ताईनं पर्समधून पेन काढलं आणि तो दोन खोडला. दोनदा रेघ मारली. टायपिस्ट म्हणाला, “मॅडम, राहू द्या ना, रिकामाच तर आहे.” ताई म्हणाली, “म्हणूनच. परत काढा पान.” नवी प्रिंट निघेपर्यंत टोकन पुढे सरकलं, पुन्हा तासभर बसावं लागलं. भाऊ वैतागला. खोडलेलं पान ताईनं फेकलं नाही. चटईवर मांडलेल्या कागदांत शेवटचं होतं ते हेच.

(दृश्य : रिकामी खोली. नळ सुरू होतो. निवेदन नाही. १२ सेकंद, फक्त पाण्याचा आवाज.)

हप्ता १५ हजार ६२१, साडेआठ टक्के, वीस वर्षं. १८ लाखांचे साडेसदतीस लाख होतील, कर्ज फिटेल तेव्हा ताई ५८ ची असेल, आणि आता महिन्यातले दोन रविवारही ती लॅबमध्येच असते.

(दृश्य : कपाटाच्या दाराची आतली बाजू. बँकेच्या हप्त्यांचा तक्ता चिकटवलेला.)

पहिल्या ओळीत व्याज १२ हजार ७५०, मुद्दल २ हजार ८७१. ताई ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “या महिन्यात घराचं एवढंच माझं झालं. बाथरूमची मोरी असेल.” खुणा पेन्सिलीच्या आहेत. २४० पैकी सात. पेन्सिल दोरीनं बिजागरीला बांधून ठेवलीय, आईला सुडोकूसाठी लागते म्हणून.

(दृश्य : संध्याकाळ. खिडकी. लांब चंदेरी किल्ल्याचा सुळका. आतून ताईचा आवाज : “आई, दूध उतू जातंय.” निवेदन नाही.)